लिटरमागे एक रुपया

खड्ड्यांबद्दल बोलणारे पुष्कळ असतात; ते बुजवायला पैसे कुणी आणि कुठून द्यायचे, याबद्दल बोलणारे थोडे. पुढच्या संवादातली दोघं नेमकं तेच बोलतात. मामा सार्वजनिक बांधकाम विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, राहायला साताऱ्यात. भाची कराडला घरचा ट्रान्सपोर्टचा धंदा सांभाळते. तिच्या सहाचाकी आणि दहाचाकी गाड्या भाजीपाला अन् गूळ घेऊन वाशीला जातात, येताना मिळेल तो माल घेऊन येतात. माणसं काल्पनिक आहेत. त्यांनी सांगितलेले कर, आदेश आणि वर्षं मात्र खरी. इंधनाचे दर आणि करांचे आकडे २०२५ सालचे.

मामा : रागवायचं तर नंतर रागव, आधी ऐकून घे. राज्यानं पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक रुपया वाढवावा आणि तो फक्त रस्त्यांच्या देखभालीला द्यावा. नव्या रस्त्याला त्यातला छदामही नाही. माझं मत पक्कं झालंय.

भाची : तुमचं पक्कं व्हायला काय जातंय? पंपावरची उधारी माझ्या नावावर असते. मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या वर आहे. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे. राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, म्हणजे आणखी चोवीस-पंचवीस रुपये. डिझेलवर केंद्राचे १७ रुपये ८० पैसे आणि राज्याचे २१ टक्के, म्हणजे पंधरा-सोळा रुपये. लिटरभर पेट्रोलमागे पंचेचाळीस रुपये सरकारला आधीच पोचतात. एवढ्यात रस्ता नीट राहत नसेल, तर सेहेचाळिसाव्या रुपयात असा काय गुण आहे?

मामा : गुण एवढाच की तो रस्त्याचा असेल. आधीचे पंचेचाळीस खजिन्याचे आहेत. त्यातून शिक्षकांचे पगार जातात, दवाखाने चालतात, कर्जाचं व्याज जातं, माझी पेन्शनही जाते. तू ते रस्त्यासाठी दिलेस असं तुला वाटतं. तसं कुणी कबूल केलेलं नाही.

भाची : केंद्रानं तर कबूल केलंय. उत्पादन शुल्कात पेट्रोलवर ५ रुपये आणि डिझेलवर २ रुपये 'रस्ते व पायाभूत सुविधा उपकर' या नावानंच घेतात.

मामा : हो, आणि त्याची मुळं फार जुनी आहेत. १९२७ साली सरकारनं रस्त्यांसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या समितीनं सांगितलं की मोटारी वाढतायत, रस्ते आता जिल्हा बोर्डांच्या ऐपतीबाहेर गेले. तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आणे सुरू झाले आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. जो रस्ता वापरतो त्यानं वापराच्या प्रमाणात पैसे द्यावेत, यात मला तरी अन्याय दिसत नाही.

भाची : विचारात नाहीच. पुढं त्याचं काय झालं तेही सांगा की. २००० साली त्या निधीचा कायदा झाला. २०१८ मध्ये कायदा बदलला, निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' शिरल्या आणि जलमार्गांपासून शाळा-दवाखान्यांपर्यंत सगळ्यांना त्यात वाट मिळाली. २०२० च्या मे महिन्यात हाच उपकर लिटरला १८ रुपयांवर नेला होता. त्या वर्षी गाड्या उभ्या होत्या आणि कच्चं तेल मातीमोल झालं होतं. खजिना रिकामा पडला म्हणून कर वाढला, रस्त्यांची गरज एका रात्रीत वाढली म्हणून नाही. आणि कॅगनं काय लिहिलंय? २०१८-१९ या वर्षात केंद्रानं निरनिराळ्या उपकरांतून आणि आकारांतून २ लाख ७४ हजार कोटी रुपये गोळा केले. ज्या राखीव निधींसाठी ते होते तिथं पोचले १ लाख ६४ हजार कोटी.

मामा : तो केंद्राचा व्यवहार. मी राज्याबद्दल बोलतोय.

भाची : राज्याचाच दाखला देते. २०१५ च्या दुष्काळात पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये अधिभार बसला. दुष्काळग्रस्तांसाठी म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? पाऊस पडला, धरणं भरली, अधिभार तिथंच राहिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गांवरची दारूची दुकानं बंद झाली, राज्याचं उत्पन्न बुडालं, तेव्हा पेट्रोलवर आणखी तीन रुपये चढवले. म्हणजे लोक दारू कमी पितील म्हणून स्कूटरवाल्यानं भरपाई द्यायची. तुमच्या रुपयाचं असंच होणार नाही याची हमी कोण देतो?

मामा : कायदा देऊ शकतो, आणि महाराष्ट्रानंच ते करून दाखवलंय. वि. स. पाग्यांची रोजगार हमी योजना आठव. बहात्तरच्या दुष्काळात तिनं माणसं जगवली. ती पुढं चालावी म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला. करातून जेवढे येतील तेवढेच सरकारनं आपल्या खिशातून निधीत घालायचे, असं ठरलं. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम दिलं, आणि त्यानं ते कुरकुर न करता दिलं. का? कुठं जातं ते त्याला ठाऊक होतं म्हणून.

भाची : आता विचारा एखाद्या पगारदाराला, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कशासाठी कापतात. दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही.

मामा : तीस-चाळीस वर्षांनी विसर पडला, हे मान्य. पण ती तीस-चाळीस वर्षं फुकट गेली असं म्हणशील का?

भाची : नाही म्हणणार. बरं, तुमच्या एका रुपयात येणार किती, ते तरी सांगा.

मामा : आता कशी हिशेबावर आलीस. जुलै २०२२ मध्ये राज्यानं पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये कमी केले, तेव्हा वर्षाला ६ हजार कोटींचा बोजा सांगितला होता. त्यावरून उलटा हिशेब कर. दोन्हींवर एकेक रुपया लावला, तर बाराशे ते दोन हजार कोटींच्या मध्ये कुठंतरी रक्कम येते. आपण दीड हजार धरू. राज्यात बांधकाम विभागाचे आणि जिल्हा परिषदांचे मिळून तीन लाख किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत. भागाकार केलास तर किलोमीटरला वर्षाकाठी पन्नास हजारांच्या आसपास.

भाची : पन्नास हजार! त्यात एका किलोमीटरवर डांबराचा थर तरी बसतो का?

मामा : नाही बसत. तो लाखांचा मामला आहे. पण तो थर वेळेआधी उखडू नये, यासाठी मात्र एवढे पैसे पुरतात, आणि इथंच सगळ्यांची गफलत होते. रस्ता गाड्यांनी खराब होतो हे अर्धं खरं. आधी त्यात पाणी शिरतं. बारीक भेगेतून ते आत उतरलं की डांबर खडीला सोडायला लागतं, खालचा थर मऊ पडतो, वरून भरलेली गाडी गेली की तो दाबला जातो आणि पाणी खडी घेऊन वर येतं. आठवड्यात खड्डा. काळ्या मातीच्या मुलखात तर जमीनच फुगते अन् आकसते. म्हणून पाणी रस्त्यावर थांबू न देणं ही खरी दुरुस्ती. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असेल तर ती तासायची, गटार मोकळं ठेवायचं, मोरीतला गाळ मे महिन्यात काढायचा, भेग दिसली की डांबर ओतून बंद करायची. हे काम माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मैलमजूर करायचे. एकेकाकडं ठरलेला पट्टा, वर मुकादम. घमेलं, फावडं, कुदळ एवढंच भांडवल. ती माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा भरल्या नाहीत. कौल फुटलं ते वेळेत बदललं नाही की वासा कुजतो; तसं आपण गेली कित्येक वर्षं वासेच बदलतोय.

भाची : हे सगळं पटलं. तुमची बाजू लंगडी होते ती इथंच. किलोमीटरला पन्नास हजारच लागत असतील, तर व्हॅटच्या पंचवीस रुपयांतला एक रुपया बाजूला काढायला काय अडचण आहे? नवा कशाला हवा? अडचण पैशाची नाही, मामा. नव्या रस्त्याचं भूमिपूजन होतं, नारळ फुटतो, फ्लेक्स लागतो. मोरीतला गाळ काढायला कुणी नारळ फोडत नाही. तुम्हीच मागं सांगत होता, अर्थसंकल्पात नव्या कामाला नाममात्र तरतूद टाकतात आणि शंभर रुपयांचं काम दहा रुपयांवर सुरू करतात. मग बिलं थकतात. २०२५ मध्ये कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आल्या. अशा घरात आणखी दीड हजार कोटी आले, तर पहिली रांग त्या बिलांची लागणार. तुमचा मैलमजूर पुन्हा रांगेच्या शेवटी.

मामा : म्हणून तर मी म्हणतो, ते पैसे त्या घरात जायलाच नकोत. वेगळं खातं, वेगळा कायदा, नव्या कामाला मनाई. आणि जुन्या पंचविसातला एक रुपया काढा असं म्हणणं सोपं आहे. त्या पंचविसातल्या प्रत्येक रुपयाला आधीच कुणी ना कुणी धनी आहे. एक काढलास तर कुणाचं तरी काहीतरी थांबतं, आणि ज्याचं थांबतं तो मंत्रालयाच्या दारात बसतो. नवीन रुपयावर अजून कुणाचा हक्क नाही. त्याला पहिल्या दिवसापासून रस्त्याला बांधता येतं.

भाची : म्हणजे सरकारला स्वतःशी भांडायचा कंटाळा, म्हणून भुर्दंड आम्हाला.

मामा : शब्द कडक आहेत, पण नाकारत नाही. आता तू तुझा भुर्दंड मोज. कराडहून वाशी जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर धर. दहाचाकी लिटरला चार देते. दीडशे लिटर, म्हणजे दीडशे रुपये. गाडीत पंधरा टन टोमॅटो असले तर किलोला एक पैसा. परतीचा माल मिळाला तर अर्धा. आणि एक टायर कापला गेला, एक पाटा तुटला, तर किती जातात?

भाची : दीडशेच्या कित्येक पट जातात, आणि गाडी दोन दिवस उभी राहते ते वेगळं. माझं रडणं दीडशे रुपयांचं नाहीच. पण त्या दीडशेच्या आधी मी काय काय देते ते बघा. गाडीच्या वजनावर वाहन कर. नॅशनल परमिटची फी. मग तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर आणि पुढं एक्स्प्रेसवे, सगळीकडं टोल. मुंबईच्या वेशीवर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ झाला, ट्रकला नाही. ज्या रस्त्यावर मी सगळ्यात जास्त चालते, त्याचे पैसे मी रोख मोजते. मग डिझेलवर पुन्हा कशाला?

मामा : कारण तुझा माल तासवड्याच्या नाक्यावर उगवत नाही. तो पाटणच्या नाहीतर कोरेगावच्या शेतातून येतो. तिथून महामार्गापर्यंतचा रस्ता जिल्हा परिषदेचा, त्याला टोल नाही आणि कधी लागणारही नाही. तुझे पाटे तुटतात कुठं? एक्स्प्रेसवेवर की गावाच्या फाट्यावर?

भाची : फाट्यावर.

मामा : झालं तर. महामार्गाला मालक आहे. फाट्यावरच्या रस्त्याला फक्त निधी लागतो आणि तोच नसतो. आणि टोलचं म्हणशील तर लोकांना तोही नकोय. कोल्हापूरला एन. डी. पाटील, गोविंदराव पानसरे यांच्यासारखी माणसं उतरली आणि शहरातला टोल गेला. २०१५ मध्ये राज्यानं बारा नाके बंद केले, आणखी त्रेपन्न नाक्यांवर हलक्या गाड्यांना आणि एसटीला सूट दिली. मला आनंदच झाला. पण नाका बंद झाला म्हणजे खर्च बंद झाला असं नाही. कंत्राटदाराची भरपाई खजिन्यातून गेली, म्हणजे ज्यानं त्या रस्त्यावर पाऊल ठेवलं नाही त्याच्याही खिशातून. इंधनावरचा कर त्यापेक्षा प्रामाणिक. चालशील तेवढं दे.

भाची : प्रामाणिक? शेतात नांगरट करणारा ट्रॅक्टर रस्त्यावर किती चालतो? विहिरीवरचं डिझेल इंजिन तर जागचं हलत नाही. समुद्रात जाणाऱ्या मच्छीमाराच्या बोटीला कुठला रस्ता? त्याला डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण आधी भरायचा आणि मग परताव्याची वाट बघत बसायचं. दुसरीकडं सीएनजी. २०२२ मध्ये राज्यानं त्यावरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला. माझ्याच गावात सीएनजीचे टेम्पो धावतात, माझ्याच रस्त्यावर. आणि विजेवरची मोटार? ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, तिन्हीकडं तिला टोल माफ. पंपावर तर ती येतच नाही. तीस लाखांच्या गाडीचा रस्त्यासाठी शून्य रुपया आणि दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकलीचा लिटरला एक. चालशील तेवढं दे, हे कुणाला लागू झालं?

मामा : हा मुद्दा बिनतोड आहे. विजेवरच्या गाड्यांना आज सवलत द्यावी, त्याशिवाय त्या वाढणार नाहीत. पण सवलत आणि माफी यांत मुदतीचा फरक असायला हवा. ट्रॅक्टरलाही पूर्ण सोडता येत नाही. हंगामात ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे लावून तोच कारखान्याकडं धावतो आणि गावरस्त्याची पार वाट लावतो.

भाची : मग खरं बोला. रस्त्याची वाट लागते वजनानं. लिटरचा आणि त्याचा संबंध किती?

मामा : पोटापुरता. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवले होते. त्यातून जो नियम निघाला तो आम्ही नोकरीभर वापरला. आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं. २०१८ मध्ये केंद्रानं दुहेरी टायरच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून साडेअकरा केली. वाढ १.३ टनांची दिसते. त्या नियमानं नुकसान साठ टक्क्यांनी वाढतं. आणि ही कायद्यात बसणारी गाडी. ओव्हरलोडचं सोडूनच दे.

भाची : सोडून कसं देऊ? माझा धंदा तिथंच मार खातो. मी पासिंगप्रमाणे माल भरते. शेजारचा पाच टन जादा टाकतो, टनाचं भाडं पाडतो आणि माझं गिऱ्हाईक नेतो. रस्ता तो फोडतो आणि तुमचा रुपया आम्ही दोघं सारखा भरतो. मोटरसायकलवाला लिटरला पन्नास चालतो, म्हणजे तुमच्या करात किलोमीटरला दोन पैसे देतो. ट्रक पंचवीस पैसे देतो. साडेबारा पट. नुकसान किती पट, ते तुम्हीच सांगा.

मामा : मोटरसायकलचं नुकसान हिशेबात धरण्याइतकंही नसतं.

भाची : मग ट्रकवालीच म्हणते ते लिहून घ्या. कर लिटरवर नको, वजनावर आणि अंतरावर घ्या. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या गाड्या १९७८ पासून तसाच भरतात. जड गाडी, जास्त अंतर, जास्त पैसे. २०२४ पासून विजेवरच्या मोटारींनाही ते लागू केलं. माझ्या भाड्यात ते चार पैसे येतील, येऊ देत. पण ओव्हरलोडवाल्याला चाळीस भरावे लागतील.

मामा : तो कर आदर्श आहे, यात वाद नाही. पण तो गोळा करायला खरा वजनकाटा लागतो, खरा मीटर लागतो आणि दोन्ही बघणारा खरा माणूस लागतो. ओव्हरलोड आजही बेकायदाच आहे, आणि तरी गाड्या जातात. काट्यावर जे जमत नाही ते वजन-कराच्या नावानं जमेल का? इंधनावरचा कर तेल कंपन्यांच्या मोजक्या डेपोंवर वसूल होतो. तो चुकवायला कुणाला वाव नाही, गोळा करायला वेगळा इन्स्पेक्टर नाही.

भाची : वाव नाही कसा? बांदा-सावंतवाडीची माणसं पत्रादेवीला जाऊन गोव्यात टाकी भरतात, तलासरीकडची गुजरातेत. तिथं पेट्रोल कितीतरी रुपयांनी स्वस्त. रुपया वाढवला की अंतर आणखी वाढलं.

मामा : सीमेवरच्या पंपांचं नुकसान खरं आहे. पण साताऱ्याचा माणूस पेट्रोल भरायला पत्रादेवीला जाणार नाही. कर्नाटकानं २०२४ आणि २०२५ मध्ये डिझेलवरचा विक्रीकर वाढवत २१ टक्क्यांवर नेला, तेव्हा कोल्हापूरच्या गाड्यांना पलीकडं जाऊन टाकी भरायचं कारणही फारसं उरलं नाही. एका रुपयानं सीमा हलत नाही.

भाची : चला, रुपया लहान आहे हे तुम्ही पाच वेळा सांगितलंत. लहान आहे म्हणूनच मला त्याची भीती वाटते. मोठा कर लावला तर लोक विचारतात. लहान कर गुपचूप बसतो आणि कायमचा होतो. मला सांगा, रस्ता सुधारला नाही तर त्या खात्यातून जाब कुणाला द्यावा लागेल?

मामा : तिथं आता न्यायालयानं वाट काढलीय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की खड्ड्यामुळं मृत्यू झाला तर सहा लाख, जखमी झाला तर पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्या, आणि ती जबाबदार असलेल्यांकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयासमोर २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांनी १४,९२६ माणसं गेल्याचा आकडा आला होता. आजवर खड्डा ठेवणं फुकट होतं. आता त्याला किंमत लागली. देखभाल न करणं महाग पडायला लागलं की देखभालीला आपोआप वजन येतं.

भाची : भरपाई पुन्हा करदात्याच्याच पैशातून गेली नाही म्हणजे मिळवली. पण आदेश चांगला आहे. आता मी माझ्या अटी सांगते. एक, पहिला रुपया सरकारनं आपल्या जुन्या पंचविसातून काढून खात्यात घालावा. व्यवसाय कराच्या वेळी सरकारनं बरोबरीनं भर घातली होती, तुम्हीच सांगितलंत. दोन, प्रत्येक तालुक्यात कुठल्या रस्त्याला किती गेले त्याची यादी मे महिन्याच्या आत पंचायत समितीच्या भिंतीवर लागावी, आणि दिवाळीनंतर तीच यादी पुन्हा, यावेळी रस्ता टिकला की नाही या रकान्यासह. दोषदायित्वाच्या मुदतीत उखडलेल्या रस्त्याला या खात्यातून एक पैसाही नाही, तो कंत्राटदारानं स्वखर्चानं करावा. तीन, कराला पाच वर्षांची मुदत. विधिमंडळानं पुन्हा मंजूर केला तर चालू, नाहीतर बंद. चार, त्या पाच वर्षांत काटे दुरुस्त करून जड गाड्यांचा कर वजनावर न्यावा आणि सीएनजी-विजेच्या गाड्यांनाही त्यात आणावं.

मामा : दुसरी आणि चौथी अट मी डोळे झाकून घेतो. तिसरीबद्दल शंका आहे. पाणी दर पावसाळ्यात येतं, त्याला मुदत नसते. मैलमजूर पाच वर्षांसाठी नेमलास तर सहाव्या वर्षी पुन्हा गटार तुंबेल. तरी पुन्हा मंजुरी घ्यावी लागणं बरंच. खात्याला जरा धाक राहील. पहिल्या अटीवर मात्र आपलं जमत नाही. ती पुरी व्हायची वाट बघितली तर काहीच होणार नाही.

भाची : आणि ती सोडली तर सगळं तुमच्या मनासारखं होईल, फक्त रस्ता होणार नाही. सरकारला स्वतःच्या ताटातला एक रुपया देववत नसेल, तर माझा रुपया ते रस्त्यासाठी राखेल यावर मी कसा विश्वास ठेवू? देखभाल महत्त्वाची आहे, हे त्यांनी आधी स्वतःला सोसून दाखवावं. या वर्षी जुन्यातला एक रुपया काढला, तर पुढच्या वर्षी नवा रुपया लावायला मी हात वर करीन. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बैठकीत उभी राहून सांगीन.

मामा : आणि नाही काढला तर? या वर्षीची भेग पुढच्या वर्षीचा खड्डा होतो, त्याच्या पुढच्या वर्षी सबंध थर जातो. आज हजारांत होणारं काम तेव्हा लाखांत जाईल. तू सरकारला धडा शिकवायला थांबशील, पण पाऊस थांबत नाही. वाट बघण्याचाही एक कर असतो, आणि तो तू आजच भरतेयस. टायरवर, पाट्यांवर, उभ्या राहिलेल्या गाडीवर.

भाची : भरतेच आहे. पण तो घेताना निदान कुणी पावतीवर लिहीत नाही की हे रस्त्यासाठी आहे.